एकाच सांगाड्यावरील चार मोटारी

मोटारगाडीचें नांव तिच्या नाकावर लावलेलें असतें, आणि ती विकत घेणारा गृहस्थ बहुधा त्या नांवावरच विश्वास ठेवतो. वांकून गाडीच्या पोटाखालीं पाहण्याचें कारण त्याला सहसा पडत नाहीं. परंतु इ. स. १९८४ ते १९८७ या काळांत युरोपच्या बाजारांत एकामागून एक ज्या चार गाड्या आल्या, त्यांच्या पोटाखालीं ज्यानें पाहिलें असतें त्याला मोठी मौज वाटली असती. पहिली स्वीडनची साब, दुसरी टुरिनची लान्चिया, तिसरी त्याच शहरची फियाट, आणि चौथी मिलानची आल्फा रोमिओ. चौघींचीं घराणीं निराळीं, गिऱ्हाइकें निराळीं, आणि एकमेकींशीं स्पर्धा तर उघडच. असें असूनहि चौघींचा मूळ सांगाडा एकाच आंखणींतून निघालेला होता. इटलींत त्या योजनेला ‘टीपो क्वात्रो’, म्हणजे ‘चौथा प्रकार’, असें अगदीं कोरडें नांव मिळालें होतें.

सांगाडा म्हणजे येथें काय समजावयाचें, हें आधीं पाहिलें पाहिजे. जुन्या मोटारींत लोखंडी तुळयांची एक स्वतंत्र चौकट असे, जवळजवळ बैलगाडीच्या साट्यासारखी. तिच्यावर वाटेल ती पेटी चढवावी. दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य मोटारींतून ही चौकट बहुतेक नाहींशी झाली. जमिनीचा पत्रा, इंजिन व प्रवासी यांमधील आडभिंत, चाकांवरील कमानी, खांब आणि छप्पर हें सारें एकत्र सांधून एकच पोलादी कवच बनूं लागलें. त्यामुळें गाडी हलकी झाली खरी, पण नवी गाडी आंखणें हें अतिशय महाग काम होऊन बसलें. आंस कोठें असावे, इंजिन कोठें बसावें, धडकेचा जोर कोणत्या तुळईनें सोसावा, हें गणित पहिल्यापासून मांडावें लागे. आणि पत्रा दाबण्याचे अवजड ठसे तयार करून घेण्यांत अपार पैसा ओतावा लागे. हे ठसे लक्षावधि गाड्या काढणाऱ्यास परवडत. वर्षाला लाखभर गाड्या काढणाऱ्यास ते डोईजड होत. हें गणित एकदांच मांडून त्याचा खर्च चौघांनीं वांटून घ्यावा, ही कल्पना अशा अडचणींतून जन्मास आली.

अडचण सर्वांत अधिक होती ती साबची. ही कंपनी १९३७ सालीं विमानें बांधण्यासाठीं निघाली. महायुद्ध संपतांच विमानांची मागणी घटणार हें ओळखून तिनें मोटारीकडे मोर्चा वळविला, आणि १९४९ च्या अखेरीस ट्रॉलहेट्टान येथील कारखान्यांतून ‘९२’ या नांवाची तिची पहिली गाडी बाहेर पडूं लागली. दोन सिलिंडरांचें लहानसें इंजिन आडवें बसविलेलें, आणि त्याची शक्ति पुढच्या चाकांना दिलेली. बर्फावर व चिखलांत ओढणारीं चाकें पुढें असलीं, आणि इंजिनाचा भारहि त्यांच्यावरच असला, तर पकड चांगली राहते. स्वीडनच्या हिंवाळ्यांत ही गोष्ट चैनीची नव्हे, गरजेची होती. त्या दिवसापासून साबनें पुढच्या चाकांची ही रचना कधीं सोडली नाहीं. पुढें ‘९९’ आणि १९७८ सालीं ‘९००’ या गाड्यांनीं तिचें नांव झालें. पण कारखाना लहानच राहिला. १९६९ सालीं ती स्कॅनिया या ट्रक बनविणाऱ्या कंपनीशीं एक झाली होती, तरी मोटारविभागाची ओढाताण संपली नव्हती. १९७७ सालीं तर साब-स्कॅनिया आणि व्हॉल्व्हो यांचें एकीकरण होणार असें जाहीर झालें, आणि कांहीं महिन्यांतच तें फिसकटलें. मोठी, अधिक किमतीची गाडी काढल्यावांचून अमेरिकेंत टिकाव लागणार नाहीं, आणि ती एकट्यानें काढण्याइतका पैसा नाहीं, अशा कचाट्यांत साब त्या वेळीं होती.

इकडे इटलींत लान्चियाची स्थिति निराळी, पण फार सुखाची नव्हती. व्हिन्चेन्झो लान्चिया यानें १९०६ सालीं स्थापिलेलें हें घराणें कलाकुसरीच्या यंत्ररचनेबद्दल प्रसिद्ध. हिशेबाच्या बाबतींत मात्र तसें नव्हतें. १९६९ सालीं फियाटनें तें आपल्या पदराखालीं घेतलें. घराण्याची मोठी गाडी ‘गामा’ हिची बाजारांत म्हणावी तशी पत बसली नाहीं, आणि तिची जागा घेणारी गाडी हवी होती. १९७८ सालीं दोन्ही पक्षांनीं करार केला. साबला मोठी गाडी हवी, लान्चियाला मोठी गाडी हवी. एकाकडे हिंवाळ्याचा व अपघातांचा अनुभव, दुसऱ्याकडे ठसे, पैसा आणि आंखणीचें कौशल्य. कागदावर याहून चांगली सोयरीक जुळणें कठीण.

या सोयरिकीचें पहिलें अपत्य मात्र लवकरच विसरलें गेलें. लान्चियाची ‘डेल्टा’ ही लहान गाडी १९८० सालचा युरोपांतील उत्तम मोटारीचा मान मिळवून बसली होती. तिच्यांत थोडे फेरफार करून ती स्वीडनमध्यें ‘साब-लान्चिया ६००’ या नांवानें विकावयास ठेवण्यांत आली. येथें वांटणी लपलेली नव्हती; ती नांवांतच लिहिली होती. साबच्या जुन्या गिऱ्हाइकाला ती साब वाटली नाहीं, आणि गाडी थोड्याच काळांत दुकानांतून दिसेनाशी झाली. मोठ्या गाडीचें काम तोंवर बरेंच पुढें गेलें होतें. गाडी दोघांची असली तरी गिऱ्हाइकाला ती एकाचीच दिसली पाहिजे, हा धडा त्या आंखणाऱ्यांनीं घेतला असावा असें पुढील इतिहासावरून म्हणावेंसें वाटतें.

आतां या सामाईक गाडीच्या रचनेकडे वळावें. मुंबईकरांना फियाट म्हटली कीं कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांतून निघालेली, पुढें ‘पद्मिनी’ हें नांव धारण करून काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें २०२३ पर्यंत रस्त्यांवर दिसणारी गाडी आठवते. तिच्यांत इंजिन पुढें, उभें बसविलेलें. तेथून एक लांब दांडा जमिनीखालून मागच्या चाकांपर्यंत जातो, आणि त्या दांड्यासाठीं गाडीच्या मधोमध पत्र्याचा उंचवटा ठेवावा लागतो. मागें तिघे बसले तर मधल्याचे पाय कोठें ठेवावे हा प्रश्न ज्यानें सोसला आहे, त्याला या उंचवट्याचें वर्णन करून सांगावयास नको. इंजिन आडवें करून शक्ति पुढच्याच चाकांना दिली म्हणजे दांडा जातो, उंचवटा उरत नाहीं, आणि गाडीची लांबी न वाढवितां आंतील जागा वाढते.

आडव्या इंजिनाचा प्रश्न असा, कीं गिअरपेटी ठेवावी कोठें? ॲलेक इसिगोनिस यानें १९५९ च्या ‘मिनी’ गाडींत ती इंजिनाच्या पोटाखालीं घातली, आणि इंजिन व पेटी यांना एकच तेल पाजलें. फियाटचा आंखणीप्रमुख दान्ते जाकोसा याला हें पसंत नव्हतें. त्यानें पेटी इंजिनाच्या शेजारीं, एका रांगेंत ठेवली. त्यामुळें दोन्ही चाकांकडे जाणारे दांडे कमीजास्त लांबीचे झाले, पण बाकी सारें सुटसुटीत झालें. १९६४ च्या ‘ऑटोबियांची प्रिमुला’ या गाडींत हा प्रयोग झाला आणि १९६९ च्या ‘फियाट १२८’ नें तो जगापुढें आणला. आज जगांत पुढच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या जाकोसाच्या या रांगेनेंच बांधल्या जातात. टीपो क्वात्रोचा पायाहि तोच. साबला आपल्या ‘९००’ मधील रचना, म्हणजे उभें, कललेलें आणि शिवाय तोंड मागें करून बसविलेलें इंजिन व त्याखालीं गिअरपेटी, बाजूस ठेवावी लागली. ‘९२’ च्या आडव्या इंजिनाकडे ती अशा रीतीनें पस्तीस वर्षांनीं परत आली, असेंहि म्हणतां येईल.

पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर सुमारें २.६६ मीटर ठरलें. साब, लान्चिया आणि फियाट या तिन्ही गाड्यांच्या रूपरेखेवर टुरिनच्या जोर्जेत्तो जुजारो याचा हात फिरला. साबच्या बाजूनें ब्यॉर्न एन्व्हाल हा आंखणीकार त्याच्याबरोबर होता. दारें आणि समोरची कांच यांवरून नजर फिरविली तर तिघी सख्ख्या बहिणी आहेत हें लपत नाहीं. साबची ‘९०००’ १९८४ च्या मे महिन्यांत लोकांपुढें आली, लान्चियाची ‘थेमा’ त्याच वर्षाच्या अखेरीस, आणि फियाटची ‘क्रोमा’ १९८५ च्या डिसेंबरांत.

सामाईक कामाची खरी कसोटी पुढें लागते. प्रत्येक भागीदाराला थोडासाच फेरफार हवा असतो, आणि प्रत्येकाचा थोडासा निराळा असतो. साबचा तर मुळीच थोडासा नव्हता. स्वीडनच्या रस्त्यांवर एल्क नांवाचें, सांबराहून कितीतरी मोठें आणि उंच पायांचें जनावर अंधारांतून आडवें येतें. धडक बसली कीं पाय बंपरला लागतात, आणि सारें धूड कांचेवर व छपराच्या खांबांवर येऊन आदळतें. साबचे इंजिनियर वर्षानुवर्षें ज्या अपघातांचा अभ्यास करीत होते, त्यांत असलेहि अपघात असत. इटलीहून आलेल्या आंखणीवर त्यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं पुढचा भाग अधिक बळकट केला आणि दारांच्या पोटांत आडवे पोलादी पट्टे बसविले. परिणाम असा झाला, कीं साबचें दार आणि क्रोमाचें दार शेजारीं ठेवलें तर एकच वाटावें, पण एकाच्या जागीं दुसरें चालूं नये. मागच्या चाकांसाठीं इटालियन गाड्यांत प्रत्येक चाकास स्वतंत्र झोका होता; साबनें तेथें सरळ एकसंध आंस घातला, कारण बोजा वाढला तरी तसल्या आंसावर चाकें रस्त्याला काटकोनांतच राहतात. इंजिन तर अर्थातच घरचें: दोन लिटरचें, सोळा झडपांचें, टर्बो जोडलेलें, १७५ अश्वशक्तीचें.

ज्या खर्चाच्या बचतीसाठीं हा खटाटोप आरंभिला, तिचा मोठा भाग या हट्टानें गिळून टाकला यांत शंका नाहीं. हिशेबनिसाच्या वहींत हा आडमुठेपणाच ठरेल. पण त्या गाडींत बसून हमरस्त्यानें जाणाऱ्या कुटुंबानें वही कशाला पाहावी? फोल्कसाम ही स्वीडनमधील विमा कंपनी खऱ्या अपघातांच्या नोंदींवरून गाड्यांची तुलना करीत असे. तींत ९००० सुरक्षित गाड्यांच्या वरच्या पंक्तींत बसली. आंतील जागेबद्दल म्हणाल तर अमेरिकन सरकारच्या वर्गीकरणांत ती ‘मोठ्या’ गाड्यांत धरली गेली, आणि त्या वर्गांतील तिचे शेजारी बाहेरून तिच्याहून पुष्कळच लांबरुंद होते. १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील टॅलाडेगाच्या शर्यतमार्गावर तीन ९००० टर्बो गाड्या रात्रंदिवस वीस दिवस पळविण्यांत आल्या. प्रत्येकीनें १ लक्ष किलोमीटर अंतर तोडलें, आणि सर्वांत वेगवान गाडीची सरासरी ताशीं २१३ किलोमीटरांच्या वर भरली. मात्र जुन्या साबभक्तांची एक कुरकुर शिल्लक राहिली. ‘९००’ मध्यें किल्ली दोन आसनांच्या मध्यें लावावयाची असे, तो साबचा घरगुती रिवाज. ९००० मध्यें ती इतर गाड्यांप्रमाणें सुकाणूपाशीं गेली. दारें, आंस आणि खांब यांसाठीं एवढें झगडणाऱ्यांनीं किल्लीची जागा कशी सोडली, याचें त्यांना नवल वाटे.

लान्चियाचा हट्ट निराळ्या जातीचा होता. थेमाचें अंतरंग श्रीमंतीचें असावें यावर तिचा सारा रोख. तिच्या मोठ्या इंजिनाची कथा पाहिली म्हणजे वांटणीच्या व्यवहाराला शेवट नाहीं असें वाटतें, कारण सहा सिलिंडरांचें तें इंजिन प्यूजो, रेनो आणि व्हॉल्व्हो या तिघांनीं मिळून काढलेलें होतें. म्हणजे साबच्या भावंडाच्या पोटांत साबच्याच घरच्या प्रतिस्पर्ध्याची भागीदारी! १९८६ सालीं लान्चियानें याहूनहि अघटित गोष्ट केली. फेरारीच्या आठ सिलिंडर व बत्तीस झडपांच्या इंजिनांत फेरफार करून तें थेमांत आडवें बसविलें, आणि त्या गाडीला ‘८.३२’ असें अंकांचेंच नांव दिलें. आंत लांकूड, उंची कातडें. मागें झांकणांत दडलेलें आणि बटण दाबतांच वर येणारें एक लहान पातें. वकील-डॉक्टरांच्या चार दारांच्या सभ्य गाडींत फेरारीचें यंत्र! अशा फारच थोड्या गाड्या निघाल्या, पण लान्चियाचें नांव काढतांच जाणत्यांना आजहि तीच आठवते.

क्रोमा ही या कुटुंबांतील साधी, कामसू मुलगी. दिसावयास डिकीची बैठी गाडी, पण मागचें झांकण कांचेसह उघडणारें. तिच्याकडे कोणी वळून पाहत नसे. तरी १९८८ सालीं जिच्यांत डिझेल तेल सरळ सिलिंडरांत फवारलें जातें असें टर्बो इंजिन घेऊन बाजारांत येण्याचा पहिला मान प्रवासी मोटारींत तिचाच. तोंवर मोटारींचीं डिझेल इंजिनें तेल आधीं बाजूच्या एका लहान कोठडींत जाळीत. त्यांत उष्णता वायां जाई. सरळ फवाऱ्यानें तेल कमी लागूं लागलें, आवाज मात्र वाढला. ट्रकांना माहीत असलेली ही युक्ति पुढें युरोपांतील सर्व डिझेल मोटारींनीं उचलली.

राहिली आल्फा रोमिओ. ती १९३३ पासून इटालियन सरकारच्या औद्योगिक महामंडळाच्या ताब्यांत होती, आणि अनेक वर्षें तोट्यांत. नव्या मोठ्या गाडीसाठीं स्वतंत्र सांगाडा आंखणें तिला शक्य नव्हतें, म्हणून टीपो क्वात्रोचा पाया तिनें स्वीकारला. तेव्हां ती फियाटची झालेलीहि नव्हती. १९८६ सालीं सरकारनें ती विकावयास काढली, अमेरिकेच्या फोर्डनें मागणी घातली, आणि अखेर फियाटनेंच ती घेतली. तिची ‘१६४’ ही गाडी १९८७ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत आली. उशीरा आलेल्या या बहिणीनें थोरलींचे कपडे मात्र घातले नाहींत. जुजारोच्या दारांना हात न लावतां पिनिन्फारिनाच्या चित्रशाळेंत एन्रिको फूमिया यानें तिचें अंग निराळें रेखलें; खालीं बसलेलें नाक, कुशीवरून गेलेली एक धारदार रेघ. जुझेप्पे बुस्सो याच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा नाद तिला लाभला. मागच्या चाकांनीं ढकलल्या जाणाऱ्या मोठ्या आल्फांची संवय असलेल्या रसिकांनीं आधीं नाकें मुरडलीं. भरधांव निघतांना सुकाणू हातांत ओढ घेतें ही त्यांची तक्रार खोटीहि नव्हती, कारण एवढी शक्ति पुढच्या चाकांनीं पेलणें सोपें नसतें. तथापि १६४ सुमारें पावणेतीन लक्ष निघाली. अमेरिकेंत १९९५ सालीं आल्फानें दुकान बंद केलें, तेव्हां तेथें विकली जाणारी तिची शेवटची मोठी गाडी हीच होती.

चौघींपैकीं ९००० सर्वांत शेवटपर्यंत टिकलेल्यांतली. १९९८ सालीं तिचें उत्पादन थांबलें तोंवर तिच्या ५ लाखांहून अधिक प्रति निघाल्या होत्या. पण साबचें घर तेवढ्यानें सांवरलें नाहीं. १९८९ च्या अखेरीस अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें साबच्या मोटारविभागाचा अर्धा हिस्सा घेण्याचें ठरविलें, आणि २००० सालीं सर्वच घेतला. यापुढील साब गाड्या जनरल मोटर्सच्याच ओपेल या जर्मन घराण्याच्या सांगाड्यांवर उभ्या राहिल्या. टीपो क्वात्रोंत साब ही भागीदार होती. दार पसंत नसेल तर तें बदलण्याचा तिला अधिकार होता. आतां ती घरांतली सून झाली. तरीहि ट्रॉलहेट्टानच्या इंजिनियरांनीं हट्ट सोडला नाहीं आणि अमेरिकन मालक त्यांच्या खर्चावर चडफडत राहिले, हें सर्वश्रुत आहे.

याच वेळीं एक विलक्षण योग आला. २००० सालीं जनरल मोटर्स व फियाट यांची भागीदारी झाली, आणि साब व आल्फा यांच्या पुढच्या गाड्यांसाठीं एक सामाईक सांगाडा आंखावयाचें ठरलें. म्हणजे वीस वर्षांनीं तींच घराणीं त्याच मांडवांत. या खेपेस साबची गाडी निघालीच नाहीं. तो सांगाडा शेवटीं आल्फाच्या पदरांत पडला, आणि त्यावर २००५ सालीं ‘१५९’ ही गाडी निघाली. त्याच वर्षीं फियाटशीं असलेला संबंध तोडण्यासाठीं जनरल मोटर्सला सुमारें २ अब्ज डॉलर मोजावे लागले. आणि त्याच वर्षीं फियाटनें क्रोमा हें जुनें नांव पुन्हा एका नव्या गाडीला दिलें. या नव्या क्रोमाचा सांगाडा जनरल मोटर्सकडचा, ज्यावर त्या वेळची साब ‘९-३’ हि बनत होती. कराराचे कागद फाटले होते. साब आणि क्रोमा मात्र पुन्हा एकदां एकाच पायावर, एकमेकींची ओळख न दाखवितां, रस्त्यावर धांवत होत्या.

२०१० सालीं जनरल मोटर्सनें साब एका लहान डच कंपनीला विकून टाकली. २०११ सालीं फियाट व क्रायस्लर यांची हातमिळवणी झालेली असल्यामुळें लान्चियाच्या दुकानांत ‘थेमा’ या नांवाची गाडी पुन्हा दिसूं लागली. ती कॅनडांत बांधलेली अमेरिकन क्रायस्लर होती, आणि तिचीं मागचीं चाकें गाडीला ढकलीत होतीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत साबनें ट्रॉलहेट्टानजवळच्या न्यायालयांत दिवाळ्याचा अर्ज दाखल केला.